काळ्या पट्टीची वीण

कूलरचा लोखंडी स्टँड गाडीत मावणार नाही, हे प्रेमसिंगला वेल्डिंगच्या दुकानासमोरच दिसलं होतं. सोनूला ते दिसलं नाही, कारण तिला तो मावायलाच हवा होता. मे महिन्याची दुपार. यवतमाळच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तो स्टँड डोक्यावर घेऊन घरी जायचं म्हणजे चांगली दोन किलोमीटरची पायपीट. आणि समोर गाडी उभी. सर्व्हिसिंग करून, धुऊनपुसून आणलेली, रिकामी, आतून गार.

"बा, गाडी तं घराकडंच चालली ना," सोनू म्हणाली. "मंग स्टँड कायले पायी जाईन?"

प्रेमसिंगनं मान हलवली खरी, पण ती होकाराची होती की नकाराची हे कळायच्या आत त्याच्या लेकीनं पुढचं दार उघडलं होतं. दहावीच्या वर्षात पोरगी अशीच झाली होती. नववीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणताना जिचा आवाज बाकाखाली जायचा, तिनं जानेवारीत विज्ञान प्रदर्शनात बाहेरून आलेल्या साहेबांना बोंडअळीचे पतंग पकडायचा कामगंध सापळा समजावून सांगितला, मध्येच त्यांची एक चूक दुरुस्त केली आणि वरून बक्षीस घेऊन आली. तेव्हापासून तिचं पक्कं मत झालं होतं, की नीट समजावून सांगितलं की जगातली बहुतेक मंडळी ऐकतात.

स्टँडनं ऐकलं नाही. तीन पाय आत गेले, चौथा अडला. सोनूनं तो जरा वाकडा करून रेटला आणि आतून 'टक्' असा आवाज आला. फार मोठा नाही. वाळकी शेंग फुटावी तेवढाच.

डॅशबोर्डवर, डाव्या सीटच्या अगदी समोर, हातभर लांब आणि चार बोटं रुंद अशी एक काळी पट्टी होती. कार्बन फायबरची. लांबून साधं काळं प्लास्टिक वाटायचं, पण ऊन पडलं की आतली वीण उजळायची, एकमेकींवरून तिरप्या चाललेल्या ओळी, आणि त्यांच्यावर काचेसारखा चकचकीत थर. त्या थराला आता बोराएवढं भोक पडलं होतं. भोवती तडे गेले होते आणि भोकातून खराट्याच्या काड्यांसारखे काळे धागे बाहेर आले होते.

प्रेमसिंगनं स्टँड बाहेर काढला, दुकानाच्या भिंतीला लावून ठेवला आणि दार हळूच लोटलं. तो रागावला असता तर सोनूला बरं वाटलं असतं.

गाडी होती श्रीकृष्णरावांची. ते निवृत्त सरकारी वकील, म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. सत्तरीनंतर त्यांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. त्याच दिवसांत प्रेमसिंग घाटंजीकडच्या आपल्या तांड्यावरून काम शोधत आला होता. त्या साली कपाशीचं कुठलंही बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. एरवी तीन वेचे व्हायचे तिथं एक झाला, तोही किडका. शेवटी प्रेमसिंगनं उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर फिरवला, शेत भावाच्या हवाली केलं आणि तरुणपणी ट्रकवर होता तेव्हाचं लायसन्स पेटीतून काढलं. वकीलसाहेबांनी लायसन्स पाहिलंच नाही. त्याला गाडीत बसवून आर्णी नाक्यापर्यंत फेरी मारायला लावली, आणि परत आल्यावर त्या काळ्या पट्टीवर हात ठेवून सांगितलं, की टायर फुटला तर टायर मिळतो, इंजिन बिघडलं तर मेकॅनिक आहे. ही पट्टी मात्र आमच्या स्वानंदनं इंजिनिअरिंगला असताना स्वतःच्या हातानं केली आहे, तेवढी जप. स्वानंद, म्हणजे त्यांचा मुलगा, आता जर्मनीत होता. रविवारी त्याचा फोन यायचा, तोही आईच्या मोबाईलवर.

बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या वकीलसाहेबांनी प्रेमसिंगला राहायला दिल्या होत्या. त्या खोल्या होत्या म्हणून सोनूचं अकरावी सायन्स यवतमाळात होणार होतं. सध्या साहेब आणि त्यांच्या पत्नी कुंदाकाकू पुण्याला काकूंच्या बहिणीकडे गेले होते. परत यायला आठ दिवस होते.

घरी भुरीबाई दारातल्या सावलीत बसून पिशवीवर कशिदा काढत होती. बचतगटाच्या प्रदर्शनासाठी तिनं अशा वीस पिशव्या घेतल्या होत्या. नवऱ्याचा आणि लेकीचा चेहरा पाहून तिनं सुई कापडात खोचून ठेवली, पट्टीचं ऐकलं आणि कोणी फोडली एवढंच विचारलं.

"माह्या हातून," प्रेमसिंग म्हणाला.

"नाई याडी, माह्या हातून," सोनू म्हणाली. याडी म्हणजे आई. घरात ती आईला बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच हाक मारायची.

प्रेमसिंगनं संध्याकाळपर्यंत तीनदा मोबाईल हातात घेतला. तीनदा साहेबांचा नंबर काढला आणि तीनदा मोबाईल खिशात ठेवला. सोनू तोवर शेजारच्या खोलीत व्हिडिओ बघत होती. कार्बन फायबर घरच्या घरी दुरुस्त करणारी माणसं जगात बरीच होती. ती सगळी स्वच्छ गॅरेजमध्ये, हातमोजे घालून, फार मजेत काम करत होती. चौथा व्हिडिओ संपला तेव्हा सोनूनं बाहेर येऊन जाहीर केलं, की हे जमते.

प्रेमसिंगनं तिचं ऐकून घेतलं. मग त्यानं अट सांगितली. साहेब यायच्या आत झालं तर ठीक. नाही झालं तर तो फोन करील, किल्ली काकूंच्या तुळशीजवळ ठेवील आणि तिघंही तांड्यावर परत जातील. साहेबांनी हाकलायची वाट तो बघणार नव्हता.

"अन् माही अकरावी?" सोनूनं विचारलं.

प्रेमसिंग उठला. तो पट्टी काढायला गेला. स्क्रूड्रायव्हरनं ओरखडे येतील म्हणून त्यानं भुरीबाईचा लाकडी उलथणा घेतला आणि डॅशबोर्डच्या फटीत सरकवत एकेक क्लिप इतक्या हलक्या हातानं सोडवली, की सोनूला त्याचे हात पहिल्यांदाच नीट दिसले. अख्ख्या शेतात ज्यानं एका दिवसात रोटाव्हेटर फिरवला, तोच माणूस आता बोराएवढ्या भोकासाठी श्वास धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनू सायकल घेऊन शेजारच्या लोहारा गावाकडे गेली. तिथं उकंडा नावाचा एक कारागीर फायबरच्या कूलर-टाक्या बनवायचा. साठीचा माणूस, अंगावर बनियन, दोन्ही हातांना पांढरी पूड. त्यानं पट्टी उन्हात धरली, नखानं वाजवली आणि ही दादागिरी कोणी केली असं विचारलं. सोनूनं खरं ते सांगितलं. सांगताना ती थोडी ऐटीतच बोलली, कारण व्हिडिओतले सगळे शब्द तिला पाठ झाले होते. उकंडानं ते निवांत ऐकून घेतलं. मग म्हणाला, की टाकीचं रेझिन, म्हणजे फायबर जमवायचा चिकट द्रव, याला चालत नाही, याला इपॉक्सी लागते. ते त्याच्याकडे आहे. काळं कापडही आहे. तीन-चार वर्षांआधी कॉलेजची पोरं शर्यतीची गाडी बनवायला आली होती, त्यांचं उरलेलं दोन वीत.

"पण पोरी, तुले घासता येते का?"

सोनू म्हणाली, येते.

"मंग त्या टाक्या घास."

तेच मोल होतं. दोन दिवस सोनूनं उकंडाच्या टाक्या घासल्या. पाण्यात भिजवून घासायचा काळा कागद, त्याला तो पाणीपेपर म्हणायचा. आधी खरबरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. तोंडाला ओढणी बांधायची, कारण ही पूड अंगाला लागली की खाजते आणि छातीत गेली की बसते. पहिल्या दिवशी तिनं जोर लावून टाकीच्या काठाला खड्डाच पाडला. उकंडा ओरडला नाही. त्यानं तिला डोळे मिटायला लावले आणि तिचं बोट खड्ड्यावरून फिरवलं. डोळा फसतो, बोट नाही, एवढंच बोलून तो चहा प्यायला गेला. घासत बसलं की डोक्यात नको ते विचार येतात हेही तिला तिथंच कळलं. तिला आठवलं, की वेल्डिंगच्या दुकानासमोर बानं मान हलवली ती नकारार्थी होती. तिला ते तेव्हाही दिसलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं काम सुरू केलं. भोकातले तुटके धागे कात्रीनं कापले, कडा घासून उतरत्या केल्या, मागून उकंडाकडच्या काचतंतूंच्या कापडाचा तुकडा चिकटवून आधार दिला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दगडासारखा झाला होता. आता वरचं काळं कापड आणि वरचा थर. तिनं औषधाच्या सिरिंजनं दोन भाग रेझिन आणि ते जमवणारा एक भाग हार्डनर मोजला. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, अर्धा तास मिळतो. तो माणूस कुठल्यातरी थंड देशात होता. इथं दुपारचे दोन वाजले होते, पत्र्याखाली चुलीसारखं तापलं होतं आणि तिनं सगळ्या कामाचं रेझिन एकाच वाटीत कालवलं होतं. पाच मिनिटांत वाटी हाताला पोळायला लागली. मग तिच्यातून धूर निघाला. भुरीबाईनं चिमट्यानं वाटी उचलून अंगणात फेकली. ती तिथं पिवळ्या दगडासारखी पडून राहिली आणि शेजारची कोंबडी येऊन तिला चोच मारून गेली.

सोनू रडली नाही. तिनं विचार केला. उष्णतेनं बिघडते तर गारव्यात करायचं. आणि यवतमाळात उन्हाळ्यात गारवा म्हणजे एकच गोष्ट. त्या संध्याकाळी तिनं थोडं थोडं कालवलं, काळ्या कापडाचा तुकडा बसवला, वर पातळ थर ओढला आणि पट्टी कूलरच्या अगदी समोर, ओल्या गवतातून येणाऱ्या वाऱ्यात ठेवली. अजिबात धूर आला नाही. थर पाण्यासारखा पसरला. प्रेमसिंगसुद्धा वाकून बघून गेला आणि जाताना हसल्यासारखा झाला.

सकाळी पट्टीवर साय आली होती.

साय म्हणजे अगदी दुधावरची. पांढुरकी, चिकट, बोट लावलं की मेणासारखी सरकणारी. खालची वीण धुक्यातल्या पिकासारखी दिसत होती. सोनूनं ती ओढणीत गुंडाळली, सायकल काढली आणि न जेवता लोहारा गाठला. उकंडानं पट्टी पाहिली आणि रात्री कुठं ठेवली होती असं विचारलं. कूलरसमोर, असं तिनं सांगितल्यावर तो हातातला ब्रश खाली ठेवून हसतच बसला. हसून झाल्यावर त्यानं समजावून सांगितलं, की रेझिन जमताना त्याला ओली हवा चालत नाही. त्याला ऊनही नको आणि कूलरही नको.

"यवतमाळात ज्यानं ज्यानं रेझिन शिकलं ना, तो एक डाव कूलरसमोर बसलाच," तो म्हणाला. "मी तं अख्खी टाकी घालवलती. तुही पट्टीच गेली. तू माह्यापेक्षा हुशार."

साय कोमट पाण्यानं आणि साबणानं धुतली, पण पांढरेपणा आतपर्यंत शिरला होता. सगळा थर घासून काढावा लागला. तो दिवस गेला. आता तीन राहिले.

त्या संध्याकाळी पट्टी भुरीबाईच्या हातात गेली. इतके दिवस ती या कामाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तिनं पट्टी उजेडाकडे धरली, कशिदा बघताना बघायची तशी डोळे बारीक करून.

"हे थिगळ कोनं लावलं?"

सोनूनं चिडून सांगितलं, की थिगळ नाही, पॅच आहे.

"तेच ते. हे धागे इकडून तिकडं चढून राह्यले. अन् तुह्ये तिकडून इकडं." भुरीबाईनं बोटानं दाखवलं. "अन् कापलं कसं, चौकोनी. चौकोन तं आंधळ्यालेबी दिसते. विणीसोबत काप. जिथं धागा वर येते तिथं वर जा, जिथं बुडते तिथं बूड."

सोनूनं पट्टी परत घेतली आणि पाहिलं. ओळी खरंच उलट्या चालल्या होत्या. चार व्हिडिओ बघितले, पाच दिवस ती वीण डोळ्यांसमोर होती आणि दिसलं नव्हतं. तिला वाटलं याडी आता काहीतरी लागेल असं बोलेल. भुरीबाईनं फक्त आपली छोटी कात्री पुढं केली, ज्या कात्रीला ती घरात कोणाला हात लावू द्यायची नाही.

जुना तुकडा सोनूनं घासून काढला आणि नवा दोघींनी मिळून कापला. भुरीबाईनं धागे मोजले, दोन वर दोन खाली, आणि सोनूनं पायऱ्यापायऱ्यांची कड काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन यायच्या आधी आणि कूलर बंद ठेवून, तिनं चमचाभरच रेझिन कालवलं. पातळ थर. मग थांबायचं. मग दुसरा पातळ थर. थांबण्याचं काम तिला सगळ्यांत जड गेलं. पहिल्यांदाच असं होत होतं, की ती काही बोलत नव्हती, काही रेटत नव्हती, कोणाला काही पटवत नव्हती, आणि तरी काम पुढं चाललं होतं. प्रेमसिंग दाराशी उकिडवा बसून राखण करत होता. माशी बसू नये म्हणून त्यानं पट्टीवर भुरीबाईची मोठी परात उपडी घातली, खाली चार विटा ठेवून.

शेवटचे दोन दिवस घासण्यात गेले. खरबरीत, बारीक, त्याहून बारीक, आणि शेवटी चकाकी आणणारं कंपाउंड लावून मऊ कापडानं. जसजसा कागद बारीक होत गेला तसतसं काहीच होत नाही असं वाटायला लागलं, आणि मग एकदम पाण्याखालून वर यावी तशी वीण वर आली. सोनूनं डोळे मिटून बोट फिरवलं. बोट कुठं अडलं नाही. डोळे उघडून पाहिलं, तर कुठं होतं ते भोक, तिचं तिलाच सापडेना.

प्रेमसिंगनं पट्टी गाडीत बसवली. क्लिपा एकेक करून आत गेल्या. तिघं गाडीभोवती उभे राहिले. मग प्रेमसिंग म्हणाला, की झालं ते झालं, आता हे कोणाजवळ काढायचं नाही. साहेबांजवळ नाही, काकूंजवळ नाही, शाळेत मैत्रिणींजवळ तर नाहीच.

सोनूनं मान हलवली. आपल्याला काय सलतं आहे ते रात्रीपर्यंत तिला कळलं नाही, पण सकाळी उठल्या उठल्या कळलं. एवढं चांगलं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. प्रदर्शनातला सापळा तर पुठ्ठ्याचा होता. हे खरं होतं, तिच्या हाताचं, आणि जितकं ते चांगलं झालं होतं तितकं ते कोणालाच दिसणार नव्हतं. जरा वाईट झालं असतं तर निदान कोणी विचारलं तरी असतं. तिनं हे भुरीबाईला सांगून पाहिलं. भुरीबाई म्हणाली, मले दिसते ना. सोनूला ते पुरलं नाही, आणि पुरलं नाही याची लाजही वाटली.

पुण्याची ट्रॅव्हल्स सकाळी साडेसहाला येत असे. सोनू सामान उचलायला म्हणून बरोबर गेली. वकीलसाहेब नेहमीसारखे पुढं, डाव्या सीटवर बसले. काकू आणि सोनू मागं. साहेब पुण्याच्या गर्दीबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांचा हात त्या पट्टीवर जाऊन टेकला. हात तिथंच राहिला. साहेब म्हणत होते, की तिकडे रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी मृत्युपत्र करावं लागतं.

त्यांना काहीच कळलं नव्हतं. सोनूला हायसं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग इतकं रिकामं वाटलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

काकू म्हणाल्या, "प्रेमसिंग, गाडी अगदी होती तशी ठेवलीस हो."

"म्हणून तर मी पुण्यात निर्धास्त होतो," साहेब म्हणाले.

प्रेमसिंगनं गिअर बदलला. मागून सोनूला त्याची मान दिसत होती. सकाळची गार हवा आत येत होती, आणि त्याच्या मानेवरून घामाचा एक ओघळ सदऱ्यात उतरत होता. तो असाच उद्या बसणार, परवा बसणार, रोज साहेबांच्या शेजारी, आणि ही पट्टी रोज त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर. तिनं ती इतकी छान जोडली होती, की ती आता कधीच त्याच्यापुढून हलणार नव्हती.

"काका," सोनू म्हणाली, "ही पट्टी फुटलती. मीनं जोडली. कुठं जोडली ते सापडते का पाहा."

वाक्य एका दमात निघालं. त्यात कबुली किती आणि बढाई किती, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. प्रेमसिंगनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. पट्टीवर नाक टेकेल इतके ते वाकले, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले, मग बोट फिरवत परत आले.

"कुठे?" ते म्हणाले.

सोनूनं मागून हात घालून त्यांचं बोट धरलं आणि जागेवर ठेवलं. त्यांनी बोट तिथं गोल गोल फिरवलं.

"फुटली कशी?"

"माह्या हातून, साहेब," प्रेमसिंग म्हणाला.

"नाई. मीनं कूलरचा स्टँड घातला गाडीत. बा नाई म्हणत होता."

"माझ्या गाडीत कूलरचा स्टँड," साहेब म्हणाले. काकूंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. साहेबांनी चष्मा परत घातला. "मला फोन का नाही केलास, प्रेमसिंग?"

"तीन डाव नंबर काढला, साहेब. भेव वाटलं."

"कशाचं?"

प्रेमसिंगनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "खोल्या जाईन. पोरीची शाळा जाईन. याचं."

एक दूधवाला गाडीला वळसा घालून गेला. वकीलसाहेब बोलले ते कोर्टात बोलत असतील तसे, एकेक शब्द वेगळा ठेवून. "मला राग आला आहे. पट्टीचा नाही, फोनचा. तो दोन-तीन दिवस राहील. खोल्या कुठे जात नाहीत, शाळाही जात नाही. उद्या नऊला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे, आठ वाजता गाडी काढ. पण राग जाईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस."

"हो साहेब," प्रेमसिंग म्हणाला, आणि बोलल्याबद्दल लगेच ओशाळला. त्यानं गाडी सुरू केली. सोनूला त्याची मान आता आधीपेक्षा जास्तच भिजलेली दिसत होती, पण खांदे खाली आले होते.

साहेब मागं वळले. "तू सांग. कसं केलंस?"

"लय मोठं हाय, काका."

"असू दे. स्वानंदनं ही केली तेव्हा महिनाभर गच्चीवर होता. मी रोज खालून हाक मारून विचारायचो, अभ्यास झाला का. तो झाला म्हणायचा. वर जाऊन, हे काय करतोस, कसं करतोस, ते कधी विचारलं नाही." त्यांनी पट्टीवर पुन्हा एकदा बोट फिरवलं. "पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

सोनूनं सुरुवात केली. उलथण्यापासून. उकंडाच्या टाक्या, डोळे मिटून फिरवलेलं बोट, छातीत बसणारी पूड. पहिल्यांदाच ती हळू बोलत होती, कारण समोरचा माणूस मध्येच थांबवून विचारत होता, दोन भाग म्हणजे वजनानं की मापानं, कागद कुठल्या नंबरचा, आणि तिला खरंच आठवून सांगावं लागत होतं. बंगल्याचं फाटक आलं. प्रेमसिंगनं वेग कमी केला. वकीलसाहेबांनी त्याच्याकडे न बघता, बोलायचं नव्हतं म्हणून, हातानंच पुढं चल अशी खूण केली.

"अहो, घर मागे गेलं," काकू म्हणाल्या. "मला चहा हवा आहे."

गाडी आर्णी नाक्याकडे निघाली होती, आणि सोनूच्या गोष्टीतल्या वाटीतून तर आत्ता कुठं धूर निघायला लागला होता.